कमला सोहोनी : केंब्रिजची प्रयोगशाळा आणि आपले ताट

भातकापणी आटोपली की खडवली, वासिंद, शहापूरकडच्या शिवारात जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. घरोघरी हे कडवे वाल रात्रभर भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड काढतात, सोलतात आणि मग त्याचे बिरडे शिजते. एवढा खटाटोप का करायचा, याचे उत्तर विचारले तर ‘कच्चा वाल बाधतो’ एवढेच सांगितले जाते. तो का बाधतो, याचा रसायनशास्त्रीय शोध घेणाऱ्या संशोधकांत एका मराठी बाईंचे नाव अग्रभागी आहे. त्या डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. त्यामुळे घरात विज्ञानाचे बोलणे नेहमीचेच. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायन व भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्या, त्याही गुणवत्ता यादीत सर्वांच्या पुढे राहून. पुढचे शिक्षण वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत घ्यायचे, हे त्यांच्या मनाशी पक्के होते. त्यांनी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले. नकाराचे कारण गुणांचे नव्हते. अर्जदार मुलगी आहे, हेच कारण होते. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही असे त्यांनी सांगितले. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता आणि या मुलीने तोच मार्ग एका शिक्षणसंस्थेच्या दारात वापरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करायचे होते. त्यांच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. या अटींचा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते, पण शिकवण्यात हात आखडता घेणारे नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. भारतासारख्या देशात बहुसंख्य लोकांचे प्रथिन डाळीतूनच येते. तेव्हा डाळीतील प्रथिन नेमके कसे आहे आणि ते अंगी किती लागते, हा प्रश्न पुस्तकी नव्हता. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ मध्ये त्यांनी एम. एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केले.

त्यानंतर इंग्लंड. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांच्या बळावर त्या केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याला आधी एखाद्या कॉलेजचे सभासद व्हावे लागते. राहणे, जेवण, ग्रंथालय, देखरेख हे कॉलेज पाहते. प्रयोगशाळा आणि पदव्या विद्यापीठाच्या असतात. स्त्रियांसाठी १८६९ मध्ये गर्टन आणि १८७१ मध्ये न्यूनहॅम सुरू झाले, कारण जुन्या कॉलेजांत त्यांना जागाच नव्हती. स्त्रिया व्याख्यानांना बसत, परीक्षा देत, उत्तीर्ण होत. मात्र विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व केंब्रिजने स्त्रियांना १९४८ मध्ये दिले. १९२१ पासून तोपर्यंत स्त्रियांना पदवीचे केवळ नाव लावता येई. विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याचा हक्क त्यांना नसे. म्हणजे बंगळूरला बाई म्हणून दार अडवले गेले आणि ज्या नामांकित विद्यापीठात त्या पोहोचल्या, तेथेही बाईला निम्मेच दार उघडे होते. दोन्हीकडे कमलाबाईंनी कामानेच उत्तर दिले.

अर्थात न्यूनहॅममधले वातावरण अभ्यासू स्त्रियांना बळ देणारे होते. सूक्ष्मजीवांच्या रसायनशास्त्रात मोठे काम करणाऱ्या मार्जोरी स्टीफन्सन याच कॉलेजच्या. पुढे १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच ज्या दोन स्त्रियांना फेलो म्हणून निवडले, त्यांत त्या होत्या. डीएनएच्या रचनेच्या शोधात ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोलाचा वाटा आहे, त्या रोझलिंड फ्रँकलिन १९३८ मध्ये न्यूनहॅममध्येच शिकायला आल्या.

केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. अन्नात प्रथिने, कर्बोदके, मेद आणि क्षार यांच्याखेरीज आणखी काही सूक्ष्म घटक असतात व त्यांच्याशिवाय वाढ खुंटते, हे दाखवल्याबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल विभागून मिळाले होते. त्या घटकांना आज आपण जीवनसत्त्वे म्हणतो. हॉपकिन्स यांच्या विभागाचे एक वैशिष्ट्य म्हणजे तेथे संशोधन करणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळाच्या मानाने बरीच होती. कमलाबाईंना आधी डेरेक रिश्टर यांच्या प्रयोगशाळेत एक टेबल मिळाले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. प्रकाशसंश्लेषणातील एका महत्त्वाच्या प्रक्रियेला पुढे ज्यांचे नाव मिळाले, तेच हे हिल.

येथे कमलाबाईंच्या हाती आला बटाटा. आपण श्वास घेतो तो प्राणवायू रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचतो. पेशीच्या आत अन्नातील ऊर्जा मोकळी होताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात, जणू आग विझवताना पाण्याची बादली हातोहात पुढे जावी तसे. या साखळीतले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. त्यात लोह असते. प्राण्यांच्या पेशींत आणि यीस्टमध्ये त्याचे काम बरेच उलगडले होते. वनस्पतींबाबत चित्र तेवढे स्पष्ट नव्हते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी दाखवले की वनस्पतींच्या पेशींतही हे प्रथिन असते आणि श्वसनात भाग घेते. जमिनीत गप्प पडलेला बटाटा आणि धावणारा माणूस, दोघांच्याही पेशी ऊर्जेसाठी मुळात एकच रीत वापरतात, असा त्याचा अर्थ. या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून सुमारे १४ महिन्यांत तो सिद्ध झाला.

१९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानातील पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवली होती, हेही सोबत लक्षात ठेवायला हवे. पहिली कोण या मोजणीपेक्षा दोघींनी स्वतःची वाट स्वतःच पाडली, ही बाब मोठी.

त्या वेळी परदेशात राहून काम करणे कमलाबाईंना अशक्य नव्हते. त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. आज हैदराबादला असलेली राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन विभागात शिकवू लागल्या.

वालाची गोष्ट येथे घडली. आपण खाल्लेले प्रथिन पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर लहान आतड्यात येते. ते प्रथिनाची लांब साखळी कापते, म्हणून तुकडे शरीरात शोषले जातात. अनेक कडधान्यांच्या दाण्यात मात्र असे एक प्रथिन असते की ते ट्रिप्सिनलाच पकडून ठेवते. कीड आणि प्राणी यांपासून बी वाचवण्याची ही वनस्पतीची युक्ती. दाणा कच्चा खाल्ला तर त्यातले प्रथिन नीट पचत नाही आणि पोट बिघडते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील असे ट्रिप्सिनरोधक शोधून काढले. वाल आणि डबल बी यांतील रोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले.

या संशोधनातून स्वयंपाकघराला मिळणारा धडा साधा आहे. हे रोधक उष्णतेने मोठ्या प्रमाणात निकामी होतात. नुसते भिजवून ते फारसे जात नाहीत. मोड आणल्याने काही प्रमाणात कमी होतात आणि पुरेसे शिजवल्यावर प्रश्न बहुतांशी मिटतो. म्हणूनच वाल, चवळी, राजमा, सोयाबीन यांसारखी कडधान्ये नीट मऊ होईपर्यंत शिजवावीत. पौष्टिक म्हणून कच्च्या कडधान्यांचे वाडगेच्या वाडगे खाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. लहान मुले, वृद्ध आणि आजारातून उठलेली माणसे यांच्याबाबत ही काळजी अधिक घ्यावी.

त्यांचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या ताज्या रसाचे पृथक्करण केले. त्यात अ आणि क जीवनसत्त्व तसेच लोह असल्याचे त्यांना आढळले, आणि रस आटवून केलेल्या गुळातही हे घटक बरेच टिकतात असे दिसले. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रियांना हा पूरक आहार दिल्यावर प्रकृतीत सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कुपोषणाशी अजून झगडणाऱ्या ठाणे-पालघरच्या पाड्यांना या विषयाचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र नीरा ताजी असतानाच प्यावी, कारण काही तासांत ती आंबून ताडी होते. शिवाय तिच्यात साखर भरपूर असल्याने मधुमेहींनी ती औषध समजून घेऊ नये.

मुंबईतही बाई असण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. विज्ञान संस्थेच्या संचालकपदाचा त्यांचा हक्क चार वर्षे लांबला आणि मग ते पद मिळाले. त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण काम सुटले नाही. मुंबईत १९६६ मध्ये काही महिलांनी स्थापन केलेल्या ग्राहक संघटनेत त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळ, ग्राहकाची फसवणूक, घरातली सुरक्षितता यांवर त्यांनी सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिले. ज्या हातांनी बटाट्यातले सायटोक्रोम शोधले, तेच हात आता गृहिणींना किराणा पारखायला शिकवत होते.

१९९८ च्या जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. वय ८६ च्या घरात होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्यांना एकेकाळी वर्षभर विद्यार्थिनी म्हणूनही धरले नव्हते, त्यांच्या गौरवासाठी देशातील वैद्यकीय संशोधनाची सर्वोच्च संस्था त्या दिवशी उभी होती. आज वैद्यकीय आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मुली सहज बसतात. ती सहजता कोणीतरी अटी सोसून मिळवून दिलेली आहे, हे त्यांना आणि त्यांच्या पालकांना ठाऊक असावे.