हार्ड डिस्क मरायला लागली? आधी इतिहासाचार्य राजवाड्यांची गोष्ट वाचा

मी उरणजवळच्या मोरा बंदराला राहतो. फोन भरला की फोटो काढून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकायचे, ही आमच्याकडे घरोघरची रीत. इथली हवा खारट आणि दमट, डिस्कही जुन्या. मग एक दिवस डिस्क टक-टक करते, फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, आणि मला प्रश्न येतो : ही दुरुस्त कशी करू? माझ्या मते प्रश्नच चुकतोय. का ते ज्यांनी कॉम्प्युटर कधी पाहिलाही नाही अशा एका माणसाच्या आयुष्यातून सांगतो.

त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३ सालचा, आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. लहानपणीच वडील गेले. शिक्षण बरंचसं पुण्यात झालं, बी. ए. झाले, काही दिवस मास्तरकी केली. ‘भाषांतर’ नावाचं मासिकही चालवलं. बायको तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केलं नाही. गाठीला पैसा नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती : मराठ्यांचा खरा इतिहास जुन्या पत्रांमध्ये आहे, आणि ती पत्रं संपत चालली आहेत.

ही पत्रं म्हणजे त्या काळची हार्ड डिस्क समजा. मोडी लिपीत लिहिलेली, रुमालात बांधलेली दप्तरं सरदारांच्या वाड्यांत आणि कुलकर्णी-देशपांड्यांच्या माळ्यांवर पडून होती. एकेका पत्राची बहुतेक वेळा एकच प्रत. वर गळकं छप्पर, खाली वाळवी, मध्ये उंदीर आणि कसर. कुठे मालकालाच मोडी वाचता येईना, म्हणून कागद रद्दीत जायचे.

राजवाडे गावोगाव हिंडले, कितीतरी वेळा पायी. कुणी दप्तर दाखवायचं, कुणी दारातूनच परत पाठवायचं. वाईला त्यांना जुन्या पत्रांचा मोठा साठा मिळाला. त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. पुढे असे एकूण २२ खंड झाले.

इथे त्यांची युक्ती बघा. वाळवी लागलेला कागद नवा करता येत नाही. म्हणून त्यांनी कागदावरचा मजकूर उतरवून छापला. छापल्यावर एका प्रतीच्या अनेक प्रती झाल्या आणि त्या वेगवेगळ्या गावांत गेल्या. आता मूळ पत्राचं काही बरंवाईट झालं, तरी मजकूर राहणार होता. सोप्या भाषेत, हाच बॅकअप!

पण एकटा माणूस किती सांभाळणार? म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. त्याच्या संस्थापकांत राजवाडे होते. पुढे मतभेद झाले आणि ते धुळ्याला गेले. काम मात्र थांबलं नाही. १९२४ साली त्यांनी आपल्या उत्तर कोकणाची हकिकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. त्यानंतर त्यांचा संग्रह जपायला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पुणे आणि धुळे, दोन्ही ठिकाणं आजही आहेत.

आता आपल्या डिस्ककडे येऊ. आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. ते घासलं की डेटा खरवडून जातो. म्हणून राजवाड्यांसारखंच करा : डिस्क वाचवू नका, डेटा वाचवा.

१. डिस्क हळू झाली, फाइली उघडेनात, की तिच्यावर नवीन काही टाकू नका. फॉरमॅट, डीफ्रॅग, डिस्क-चेक यातलं काहीही चालवू नका.

२. सर्वांत महत्त्वाचं आधी काढा : घरच्यांचे फोटो, कागदपत्रं. सिनेमे पुन्हा मिळतात, आजीचा आवाज मिळत नाही.

३. वाचवलेला डेटा दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच डिस्कवर नाही.

४. थोडं जमत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्राम वापरा. तो आधी चांगला भाग उतरवतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा.

५. टक-टक किंवा घासल्याचा आवाज येत असेल आणि डेटा मोलाचा असेल, तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. घरी झाकण उघडू नका, धुळीचा एक कणही पुरतो. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय तर विसराच.

डिस्क ठणठणीत असेल तर अजूनच बरं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर : क्लाउडवर किंवा मामाकडे. राजवाड्यांना एकेका दप्तरासाठी मैलोन्‌मैल चालावं लागलं. आपल्याला एक केबल जोडायची आहे. आज रात्री फोन चार्जिंगला लावाल, तेव्हाच लावून टाका.