गोपाळ गणेश आगरकर : विवेकवादी आणि नाटकातील भूत

शेक्सपिअरच्या शोकांतिकांत अद्भुताला महत्त्वाचे स्थान आहे. ‘मॅक्बेथ’मध्ये चेटकिणी भविष्य वर्तवितात, तर ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचे भूत सूड मागते. शि. म. परांजपे यांनी ‘मॅक्बेथ’चे ‘मानाजीराव’ केले. ‘हॅम्लेट’ मात्र मराठीत आणले ते भोळ्या समजुतींवर आयुष्यभर प्रहार करणाऱ्या आगरकरांनी. हा विरोधाभास कसा उलगडतो, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहू.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू येथे झाला. अत्यंत गरिबीत, कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तेथे टिळकांशी स्नेह जुळला. सरकारी नोकरीची वाट सोडून ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात सामील झाले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले.

कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्याविषयीच्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. गोवंडीहून हार्बर मार्गाने येणाऱ्या विद्यार्थ्यांना सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळची ही डोंगरी परिचित असेल. सुटकेनंतरच्या वर्षी, १८८३ मध्ये, आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले.

या शीर्षकाकडे लक्ष द्यावे. विकारविलसित म्हणजे मनोविकारांचा खेळ. नाशाचे मूळ भुतात नसून लोभ, मत्सर, सूड आणि संशय यांत आहे, असे हे शीर्षक सुचविते. मूळ नाटकातही नायक भुताच्या शब्दावर डोळे झाकून विसंबत नाही. ते आपल्याला फसविणारे सैतानी रूप तर नसेल, अशी शंका त्याला येते. म्हणून राजापुढे खुनाचे नाटक करवून तो पुरावा शोधतो. पुढे राणीच्या महालात भूत केवळ त्यालाच दिसते, राणीला दिसत नाही. म्हणजे अद्भुत घटना कथेला गती देते. निर्णयाचे ओझे मात्र माणसावरच राहते. प्रमाण मागणारा हा नायक विवेकवादी भाषांतरकाराला जवळचा वाटला असल्यास नवल नाही. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी रंगविलेला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, विशेष गाजला.

रंगभूमीवरील भूत आगरकरांना मान्य होते. समाजजीवनातील भुते नव्हती. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. केशवपन, बालविवाह आणि अंधश्रद्धा यांवर त्यांनी बुद्धीच्या कसोटीने टीका केली. संतापलेल्या विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही ते डगमगले नाहीत. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर खंगत असतानाही लेखन थांबले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीपुरती रक्कम त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली होती.

अद्भुताचा कलेतील उपयोग आणि जीवनातील अद्भुतावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोकांतिकेचा अभ्यास करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : ‘विकारविलसित’ या शीर्षकातून शोकांतिकेकडे पाहण्याची कोणती दृष्टी व्यक्त होते? आगरकरांच्या जीवनकार्याच्या संदर्भात स्पष्ट करा.