कॉर्नेलिया सोराबजी
कॉर्नेलिया सोराबजी (१५ नोव्हेंबर १८६६, नाशिक – ६ जुलै १९५४, लंडन) या भारतातील आद्य महिला कायदेपंडितांपैकी एक होत. पडदानशीन स्त्रिया आणि अज्ञान वारस यांच्या हक्कांसाठी त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. त्यांपैकी बहुतेक काळ वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते, तर आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी होत. पदवी परीक्षेत प्रथम वर्ग मिळूनही इंग्लंडमधील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री असल्याने त्यांना नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवून, हितचिंतकांच्या मदतीने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली तेथील बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र तीस वर्षांनी मिळाली.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. व अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली, तरी सनद मिळाली नाही. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’मध्ये साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या व विधवांच्या जमीनदाऱ्यांची व्यवस्था हे खाते पाहत असे. परपुरुषासमोर न येणाऱ्या विधवेला वकिलाशी बोलणेही अशक्य असे. तिची मिळकत कारभारी वा भाऊबंदांच्या हाती राही. कॉर्नेलिया थेट जनानखान्यात जाऊन तिचे म्हणणे ऐकत, पोटगी व वारसाहक्काचे तंटे समजून घेत आणि मुलांच्या शिक्षणाकडे व प्रकृतीकडेही लक्ष देत. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम येथील सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांची मदत झाली, असे मानले जाते. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा मार्ग देशभर खुला झाला, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. कलकत्त्यात वकिली करतानाही त्यांच्या वाट्याला मुख्यतः कागदोपत्री सल्ल्याचे काम आले. ब्रिटिश राजवटीचे समर्थन व गांधीजींना असलेला विरोध यांमुळे राष्ट्रीय विचाराचे लोक त्यांच्यापासून दुरावले. त्यांच्या कार्याची पुढे झालेली उपेक्षा बऱ्याच अंशी यामुळेच असावी. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. ‘इंडिया कॉलिंग’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ साली प्रसिद्ध झाले.