डॉ. रुस्तम जाल वकील

मुंबई शहरानें वैद्यकशास्त्राला जे थोर पुरुष दिले त्यांत डॉ. रुस्तम जाल वकील यांची गणना होते. त्यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं लंडन येथें घेतलें, आणि स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांत ते हृदयविकाराच्या रोग्यांची सेवा करूं लागले.

त्या काळीं वाढलेला रक्तदाब म्हणजे वैद्यांना हतबल करणारा विकार होता. डॉक्टर दंडाला पट्टा बांधीत, पाऱ्याची उंची मोजीत, आंकडा टिपून ठेवीत. पण पुढें काय? मीठ सोडा, विश्रांति घ्या, झोंप आणणारी गोळी घ्या, याहून फारसें कांहीं सांगतां येत नसे. कोठें कोठें तर कण्याजवळील मज्जातंतु शस्त्रानें कापून टाकीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सत्तेची किंवा द्रव्याची काय वाण होती? तरी १९४४ च्या मार्चमध्यें त्यांचा दाब १८६ वर १०८ भरला, तेव्हां तो खात्रीनें उतरविणारें औषध त्यांच्या डॉक्टरांपाशीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले. त्या दिवशीं पारा ३०० पर्यंत चढला होता.

इकडे आपल्या देशांत सर्पगंधा नांवाचें एक लहानसें झुडूप रानांत वाढत होतें. त्याची मुळी वेडावर व सर्पदंशावर देण्याची चाल फार जुनी. ही मुळी वकीलांनीं शोधून काढली असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. १९३१ सालींच कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिनें रक्तदाब उतरतो असें लिहिलें होतें, व त्याच वर्षीं दिल्ली येथें सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं तिच्यांतील कांहीं द्रव्यें वेगळीं केलीं होतीं. परंतु परदेशांतील वैद्यांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. जुन्या औषधावर नुसता विश्वास ठेवणें सोपें, आणि त्याला हंसणेंही सोपें. वकीलांनीं या दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं मोजलें.

१९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ५० रोग्यांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाचे आंकडे त्यांत मांडले होते. बहुतेकांचा दाब कांहीं आठवड्यांत उतरला. तो एकाएकीं कोसळत नसे, हळूहळू खालीं येई, हा या औषधाचा मोठा गुण होय. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं हा निबंध वाचून आपल्या रोग्यांवर तोच प्रयोग केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें या मुळींतून रेसर्पिन हें शुद्ध द्रव्य काढण्यांत आलें, आणि रानांतली मुळी मोजक्या मात्रेची गोळी होऊन देशोदेशीं पोंचली. ज्या मज्जातंतूंच्या आज्ञेनें रक्तवाहिन्या आंखडतात त्यांच्या टोंकांतील साठा रेसर्पिन रिकामा करितें; त्यामुळें वाहिन्या सैल पडतात व दाब घटतो.

या औषधांत दोषही होते, व तेही सांगितले पाहिजेत. नाक चोंदे, सुस्ती येई, आणि मोठ्या मात्रेनें कित्येकांना मनाची खिन्नता जडे. लवकरच लघवीवाटें मीठ व पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या निघाल्या, त्यांच्या मागून आणखी औषधें आलीं, आणि रेसर्पिन मागें पडलें. तथापि रक्तदाबाचा रोगी रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षें आपला कामधंदा करूं शकतो, हें ज्या थोड्या औषधांनीं प्रथम दाखविलें त्यांत सर्पगंधा होती. या विकारांत बहुधा दुखतखुपत कांहींच नाहीं. म्हणून बरें वाटतांच रोगी गोळी सोडतो, आणि दाब मुकाट्यानें पुन्हां चढतो. घरोघरच्या वडील मंडळींना हें सांगावयास नको.

वकीलांना १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक, १९५८ सालीं पद्मभूषण व १९६५ सालीं भटनागर पारितोषिक मिळालें. रोग्याची तपासणी कशी करावी यावरील त्यांचें पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीं अभ्यासिलें. २० नोव्हेंबर १९७४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. सर्पगंधेला मात्र आपली कीर्ति भोंवली. मुळ्यांसाठीं झुडुपें इतकीं उपटलीं गेलीं कीं तिच्या निर्यातीवर सरकारला बंधनें घालावीं लागलीं.