स्कॉटलंडहून विद्या आणली, पण तगवलं सफरचंदानं : जपानी व्हिस्कीचे जनक मसाताका ताकेत्सुरु

हर्णे (ता. दापोली) : पुढं समुद्र, मागं बागा. बंदरात मासळीचा लिलाव, उन्हाळ्यात आंबा-काजू. जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेटावर योइची नावाचं गाव आहे, तेही बरंचसं असंच. समोर हेरिंग मासळीचा समुद्र, मागं सफरचंदाच्या बागा. फरक एवढाच की तिथं हिवाळ्यात बर्फ पडतो. याच गावात 1934 साली मसाताका ताकेत्सुरु यांनी कारखाना टाकला. आज ते जपानी व्हिस्कीचे जनक म्हणून ओळखले जातात. पण सुरुवात झाली ती फळांच्या रसापासून.

ताकेत्सुरु यांचा जन्म 20 जून 1894 रोजी हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावात झाला. घरचा धंदा तांदळापासून साके ही दारू करण्याचा, तोही 1733 पासूनचा. पोरानं हाच धंदा सांभाळावा ही घरच्यांची इच्छा. ओसाकाच्या तंत्रविद्यालयात मद्यनिर्मितीचं शिक्षण घेऊन ते सेत्सु शुझो या कंपनीत लागले. त्या काळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून विकली जायची ती बहुतेक साध्या स्पिरिटमध्ये रंग आणि वास मिसळून. खरी व्हिस्की कशी करतात ते शिकून यायला कंपनीनं 1918 मध्ये त्यांना स्कॉटलंडला धाडलं. वय 24.

ग्लासगो विद्यापीठात त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्राचे वर्ग केले. पण वर्गात भट्टी नसते. मग ते स्वतः गावोगावच्या कारखान्यांची दारं ठोठावत फिरले. 1919 मध्ये लाँगमॉर्न इथं काही दिवस, त्याच वर्षी बोनेस इथं आणि 1920 मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न इथं काम करायला मिळालं. कॅम्पबेलटाउन हेही मासेमारीचं बंदरच. दिवसभर काम करायचं आणि भांड्यांचे आकार, आकृत्या, मजुरांचे पगार, खर्च सगळं वहीत टिपून ठेवायचं. पुढं जपानमध्ये भट्टी उभी राहिली ती या वह्यांच्या आधारावर.

ही विद्या काय आहे? सातूला मोड आणतात, जशी आपण सत्त्वासाठी नाचणीला आणतो. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. ती पाण्यात उतरवून यीस्टनं आंबवतात. मग तांब्याच्या भांड्यात तापवतात. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येतं. पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली घेतात. ती लाकडी पिंपात काही वर्षं मुरते. (आपल्याकडे विनापरवाना दारू गाळणं हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावं.)

याच काळात त्यांची रीटा कोवन यांच्याशी ओळख झाली. दोन्ही घरांचा विरोध असताना 8 जानेवारी 1920 रोजी त्यांनी लग्न केलं आणि वर्षअखेरीस दोघं जपानला आले. पण तोवर महायुद्धानंतरची मंदी आली होती. कंपनीनं व्हिस्कीचा बेत गुंडाळला. परदेशात शिकून आलेला माणूस शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागला. रीटाबाईंनी इंग्रजी आणि पियानोच्या शिकवण्या घेऊन घराला हातभार लावला.

1923 मध्ये शिंजिरो तोरिई या उद्योजकानं त्यांना दहा वर्षांच्या करारावर घेतलं. यामाझाकी इथं जपानचा पहिला व्हिस्की कारखाना उभा राहिला. 1929 मध्ये पहिली बाटली बाजारात आली, पण तिचा धुरकट वास लोकांना रुचला नाही. करार संपल्यावर ताकेत्सुरु यांनी नोकरी सोडली आणि थंड, दमट हवेचं योइची निवडलं.

खरी अडचण इथं होती. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, तोवर पगार कुठून द्यायचा? आजूबाजूला सफरचंदं होती. त्यांनी रसाचा धंदा सुरू केला. शुद्ध रस महाग पडायचा, फारसा खपायचा नाही. तरीही पिंपं मुरेपर्यंत त्यांनी तग धरला. 1940 मध्ये पहिली व्हिस्की निघाली. कंपनीचं नाव होतं दाइ निप्पॉन काजू. गंमत म्हणजे जपानीत काजू म्हणजे फळांचा रस. त्यातल्या निप्पॉनचा ‘नि’ आणि काजूचा ‘का’ घेऊन ‘निक्का’ हे नाव झालं.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाला माल लागायचा म्हणून कारखाना चालला. पण रीटाबाई ब्रिटिश म्हणून त्यांच्यावर हेर असल्याचा संशय घेतला गेला. तरी त्या योइची सोडून गेल्या नाहीत. 1961 मध्ये त्यांचं निधन झालं. गावातल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. ताकेत्सुरु 29 ऑगस्ट 1979 रोजी वारले. 2001 मध्ये योइचीच्या दहा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीला आंतरराष्ट्रीय चाखणीत पहिला मान मिळाला, तो पाहायला ते नव्हते.

कोकणात दर उन्हाळ्यात काजूची बी काढून घेतात आणि ढीगभर बोंडं बागेतच सडतात. गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते आणि तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बोंडापासून सरबत, सिरपही होतं. प्रक्रियेची माहिती घ्यायला दापोलीचं कृषी विद्यापीठ हर्णेपासून तासाभराच्याही आत आहे. योइचीला मात्र ही विद्या जहाजानं अर्धं जग ओलांडून आणावी लागली होती.