एकाच टेस्टमध्ये आधी १३३, मग शून्य: स्विंगसमोर उभे राहिलेले विजय मांजरेकर

० वर ४.

हा टायपो नाही. ७ जून १९५२, शनिवारची दुपार, इंग्लंडमधलं लीड्सचं हेडिंग्ले मैदान. भारताच्या दुसऱ्या डावाचे फक्त १४ चेंडू झाले होते आणि स्कोअरबोर्डवर एकही धाव न लागता चार फलंदाज तंबूत परतले होते. टेस्ट क्रिकेटमध्ये इतकी वाईट सुरुवात कुणाच्या वाट्याला आली नाही.

त्या चौघांमध्ये चौथा होता २० वर्षांचा मुंबईचा एक पोरगा, विजय मांजरेकर. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. गंमत म्हणजे दोनच दिवसांपूर्वी, याच मैदानावर, याच बोलर्ससमोर याच पोराने १३३ धावा ठोकल्या होत्या.

मग दोन दिवसांत असं काय बदललं? उत्तर आहे, चेंडू.

आधी थोडं स्विंगबद्दल समजून घेऊ. नव्या चेंडूची शिवण उठावदार असते. बोलर ती शिवण थोडी तिरकी धरून टाकतो. शिवण ज्या बाजूला झुकलेली असते, त्या बाजूची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडू हवेतच त्या बाजूला वळतो. खरा त्रास पुढे आहे. चांगला स्विंग उशिरा होतो. म्हणजे फलंदाजाने काय खेळायचं ते ठरवून टाकलेलं असतं, बॅट निघालेली असते, आणि मग चेंडू आपला रस्ता बदलतो.

यावर उपाय एकच, घाई करायची नाही. चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांबायचं, बॅट अंगाजवळ ठेवायची आणि खेळायची गरज नसेल तो चेंडू सोडून द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण १९५२ च्या भारतीय टीमला हा अभ्यास करायची संधीच मिळत नव्हती. मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांच्यानंतर भारताकडे तसे वेगवान बोलर उरले नव्हते. मग नेटमध्ये सराव करणार तरी कुणासमोर?

समोर इंग्लंडकडे कोण होतं? एका बाजूला अ‍ॅलेक बेडसर, चेंडू आत आणण्यात आणि अचानक बाहेर काढण्यात मुरलेला. दुसऱ्या बाजूला पहिलीच टेस्ट खेळणारा, यॉर्कशायरचा २१ वर्षांचा फ्रेड ट्रूमन. प्रचंड वेग आणि त्याच वेगात बाहेर जाणारा चेंडू.

पहिल्या डावात मांजरेकर खेळायला आले तेव्हा भारताची अवस्था ३ बाद ४२ होती. समोर होते कॅप्टन विजय हजारे, आपले सांगलीचे. या दोन विजयनी चौथ्या विकेटसाठी २२२ धावा जोडल्या. हजारे ८९ वर गेले, मांजरेकरांनी पहिलं टेस्ट शतक केलं. पण ही जोडी फुटली आणि २६४ वरून भारत २९३ मध्ये आटोपला.

इंग्लंडने ३३४ केल्या, आघाडी फक्त ४१ ची. म्हणजे मॅच अजून हातात होती. आणि मग ते १४ चेंडू आले. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर. मंत्री आणि मांजरेकर यांचे त्रिफळे ट्रूमनने लागोपाठच्या चेंडूंवर उडवले.

इथे एक फरक लक्षात घ्या. पहिल्या डावात मांजरेकर आले तेव्हा चेंडूने थोडा मार खाल्लेला होता. दुसऱ्या डावात त्यांनी खेळलेला एकमेव चेंडू हा डावाचा १४ वा होता. चेंडू कोरा करकरीत आणि डोळा बसायला एका चेंडूचाही वेळ नाही. पोरगा दोन दिवसांत खेळ विसरला नव्हता. स्विंगसमोर कालच्या धावा आज चालत नाहीत, इतकंच.

भारत ती मॅच सात विकेट्सनी हरला. पुढे मँचेस्टरला तर ट्रूमनने ३१ धावांत ८ विकेट्स काढल्या आणि एकाच दिवसात भारत दोनदा, ५८ आणि ८२ वर ऑलआउट झाला. भारतीयांना फास्ट बोलिंग खेळता येत नाही, हा शिक्का त्या दौऱ्यात बसला आणि अनेक वर्षं तसाच राहिला.

मांजरेकरांनी मात्र तो शिक्का स्वतःपुरता पुसून काढला. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजला किंग्स्टनमध्ये ११८. पुढे न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला ११८ आणि दिल्लीला १७७. आणि १९६१-६२ मध्ये इंग्लंडची टीम भारतात आली तेव्हा सीरिजमध्ये ५८६ धावा, त्यात दिल्लीची नाबाद १८९. ती सीरिज भारताने २-० ने जिंकली. इंग्लंडविरुद्धचा भारताचा तो पहिला सीरिज विजय.

वजन वाढलेलं, पळण्यात चपळाई नाही, पण कट आणि हूक बघत राहावेत असे. ५५ टेस्टमध्ये ३२०८ धावा, सात शतकं आणि षटकार किती? एकही नाही. चेंडूला उशिरा आणि जमिनीलगत खेळायचं, हे धोरण शेवटपर्यंत सुटलं नाही.

शेवटची टेस्ट फेब्रुवारी-मार्च १९६५ मध्ये, मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध. शेवटच्या डावात नाबाद १०२. त्यानंतर ते भारताकडून पुन्हा कधीच टेस्ट खेळले नाहीत. वय होतं ३३.

क्रिकेट त्यांच्या रक्तातच होतं. १९३६ आणि १९४६ मध्ये इंग्लंडला गेलेले विकेटकीपर दत्ताराम हिंदळेकर त्यांच्या जवळच्या नात्यातले. मुलगा संजय पुढे भारताकडून खेळला. संजय यांनी आपल्या आत्मचरित्रात वडिलांच्या रागाबद्दल आणि घरातल्या धाकाबद्दलही मोकळेपणाने लिहिलंय. मैदानावर इतका संयम असलेला हा माणूस, पण क्रिकेट संपल्यानंतरचं आयुष्य त्याला तितकं सोपं गेलं नाही.

१८ ऑक्टोबर १९८३ ला मद्रासमध्ये विजय मांजरेकर गेले. वय ५२.

सहा वर्षांनी, १९८९ मध्ये, संजय मांजरेकर पाकिस्तानात इम्रान खान, वसीम अक्रम आणि वकार युनूस यांच्यासमोर उभे होते. जगातला सर्वांत अवघड स्विंग त्या काळी यांच्याकडे होता. संजयनी त्या सीरिजमध्ये ५६९ धावा केल्या, लाहोरला २१८. चेंडू उशिरा खेळत, बॅट अंगाजवळ ठेवून.

बघायला वडील नव्हते.