स्वामी रामानंद तीर्थ आणि मराठवाड्याचा माग

स्वामी रामानंद तीर्थ हे नाव उच्चारताच हैदराबादचा मुक्तिसंग्राम डोळ्यांसमोर उभा राहतो आणि 17 सप्टेंबर 1948 या तारखेपाशी त्यांचे चरित्र जणू संपते. वस्तुतः त्यानंतर ते सुमारे तेवीस वर्षे जगले. त्या काळात त्यांनी चरखा आणि हातमाग यांसाठी जी खटपट केली, ती मात्र जयंतीच्या व्याख्यानांत एखाद्या वाक्यात उरकली जाते.

सिंदगी येथे 3 ऑक्टोबर 1903 रोजी जन्मलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर लोकमान्यांच्या निधनाच्या दिवशी देशसेवेचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन बसले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून ते पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकले. ना. म. जोशी यांच्याजवळ काम करताना त्यांना कामगारांच्या मजुरीचा प्रश्न जवळून पाहावयास मिळाला. पुढे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, संन्यासदीक्षा आणि 1935 पासून अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय. हा माणूस आधी शिक्षक होता आणि परिस्थितीने सेनानी झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. 15 ऑगस्ट 1947 रोजी तिरंगा फडकावल्याबद्दल निजामाने त्यांना अटक केली, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

निजामी राजवटीतील मराठवाडा कापूस पिकवी आणि कापड विकत घेई. 1900 साली मनमाडहून औरंगाबादला आगगाडी आली, तेव्हापासून रुईच्या गाठी बाहेर जाण्याचा मार्ग सुकर झाला. विणकरीचा वारसा नव्हता असे नाही. पैठणची पैठणी आणि औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू यांची कीर्ती दूरवर होती. परंतु ती कला श्रीमंत ग्राहकाच्या आश्रयावर जगणारी. गावरानी कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या घरात मात्र ना चरखा उरला होता, ना माग. पावसाळा फसला की वर्षाचे कित्येक महिने हात रिकामे, हेच येथील शेतीचे दुखणे होते आणि स्वामीजींच्या खादीकार्याचे मर्मही तेथेच सापडते.

1957 ते 1962 या काळात त्यांनी लोकसभेत औरंगाबादचे प्रतिनिधित्व केले. खादी व ग्रामोद्योग आयोग 1957 सालीच अस्तित्वात आला आणि अंबर चरख्याचा गाजावाजा याच सुमाराचा. सत्तेच्या राजकारणातून अंग काढून घेतल्यावर स्वामीजी विधायक कार्याकडे अधिक वळले. साठच्या दशकात नांदेड येथे आकारास आलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीमागे त्यांची आणि गोविंदभाई श्रॉफ यांची प्रेरणा होती.

खेड्यात विणकाम शिकविणे म्हणजे माग देऊन मोकळे होणे नव्हे. हाताने कातलेले सूत सारखे नसते, ते धोट्याच्या फटक्याने तुटते. त्याला खळ लावावी लागते, आणि ताणा भरण्यातच बराच वेळ जातो. म्हणून जातीचा विणकरही गिरणीचे सूतच पसंत करतो. पेळू पुरविणे, सूत तपासून मजुरी चुकविणे, ते मागावर पोहोचविणे आणि अखेर कापड खपविणे ही सारी साखळी कोणी तरी सांभाळावी लागते. यातील एक कडी निखळली की शिकलेला विणकर शेतमजुरीकडे परततो. व्याख्यानाने खादी उभी राहत नाही, ती हिशेबाच्या वह्यांवर उभी राहते.

अर्थशास्त्रज्ञांचे आक्षेप परिचित आहेत. उत्पादकता अल्प, कापड महाग आणि विक्री सरकारी सवलतीवर अवलंबून. हे खोटे नाही. पण ज्या मजुराला दुसरे कामच नाही, त्याच्या वेळेचे मोल बाजारभावाने ठरविणे कितपत न्याय्य? याउलट, मजुरी इतकी तुटपुंजी की तरुण मुले मागावर टिकत नाहीत, या आक्षेपाला खादीवाद्यांपाशी समाधानकारक उत्तर कधीच नव्हते.

22 जानेवारी 1972 रोजी स्वामीजी निवर्तले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्यांना हाताला काम मिळाले ते मुख्यतः खडी फोडण्याचे आणि मातीकामाचे. एवढ्या हातांना सूत पुरविण्याची ताकद कोणत्याही खादी संस्थेत नव्हती, हे मान्य करावयास हवे.

तरीही काही धागे टिकले. त्यांचे शिष्य पी. व्ही. नरसिंह राव यांच्या पुढाकाराने, भूदानाचा उगम झालेल्या पोचमपल्लीजवळ, स्वामीजींच्या नावाची ग्रामीण संस्था उभी राहिली आणि तेथे खेड्यातील तरुणांना व्यवसायांचे शिक्षण मिळू लागले. इकडे नांदेडच्या समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाऊ लागले. ध्वज हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच असावा, या दंडकामुळे त्या मागांना हक्काचे गिऱ्हाईक होते. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. उदगीरच्या विणकराला आता त्यांच्या किमतीशी स्पर्धा करावी लागते.